चार वर्षांच्या चिऊला दिवाळीत आठ भावंडांच्या हवाली करतोय, लक्ष किती ठेवू?

शिवाजीपेठचा_पाव्हणा
8 ऑक्टोबर 2025

मंडळी, नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण लांबण लागणार, तेवढं सोसा.

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत. पुढं सोपा, मधे दोन खोल्या, मागं परडं, परड्यात एक कढीपत्त्याचं झाड आणि कपडे धुवायचा दगड. आई, आबा, थोरला भाऊ आणि वहिनी तिथंच असतात. शेजारच्या दारात चुलतभाऊ. दिवाळीला दोन्ही बहिणी पोरं घेऊन येतात. सगळी मिळून पोरं नऊ. सगळ्यात मोठा दादू, बारा वर्षांचा. सगळ्यात धाकटा दोन वर्षांचा. शेवटून दुसरी आमची चिऊ, जूनमध्ये चार पूर्ण.

मी अकरा वर्षं बेंगळुरूत आहे. बायको नागपूरची. चिऊ एकुलती एक, सातव्या मजल्यावर वाढलेली. तिला कुणाबरोबर खेळायचं असेल तर आधी त्या मुलाच्या आईला मेसेज करावा लागतो, मग शनिवारी पाच ते सहा असं ठरतं, आणि दोघी आया बाकावर बसून राखण करतात. मी स्वतः कुणाच्या घरी जेवलो, कुणाच्या घरी झोपलो, याचा हिशेब आमच्या आईला संध्याकाळी दिवे लागल्यावर लागायचा. आणि माझीच पोरगी वेळापत्रकानं खेळते. असो.

मागच्या वर्षी दोनच दिवस गेलो होतो. दोन्ही दिवस चिऊ आईच्या कमरेवर. दादू म्हणाला, "ये की गं, फुलबाजी देतो", तर ही ओढणीत तोंड खुपसून बसली. आमच्या आईनं सगळ्यांदेखत "पोरगी लाजाळू केलीसा" म्हटलं, ते बायकोच्या मनात वर्षभर आहे. यंदा 17 तारखेला वसुबारसेला पोचतोय आणि भाऊबीज करून 26 ला निघतोय. म्हणजे सलग नऊ दिवस.

आता माझी भीती सांगतो. आमच्याकडची पोरं दांडगी आहेत. वाईट नाहीत, दांडगी. दुपारी मोठी माणसं आडवी झाली की परड्यात कोण कुणाला काय करतंय ते कुणी बघत नाही. मी प्रत्येक वेळी मधे पडलो तर ती परत माझ्या पायाला चिकटणार. नाही पडलो आणि लागलं, तर बायको मला उभा ठेवणार नाही.

दुसरं, आबा. आबांनी फोनवरच जाहीर केलंय, की नातीला पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेणार आणि डोळ्यांदेखत पिळलेलं धारोष्ण दूध पाजणार. मी लहानपणी तेच प्यालो, मला काही झालं नाही. पण चिऊ पिशवीतल्या दुधावर वाढलीय. आबांना नाही म्हणायची माझी छाती नाही.

तिसरं फटाके, चौथं तिखट. तिखटाचं नागपूरकरणीला कुणी शिकवायची गरज नाही, पण चिऊला मिरीसुद्धा चालत नाही.

ज्यांची पोरं अशी एकदम गोतावळ्यात पडली, त्यांनी काय केलं ते सांगा. पुस्तकी नको.


कागलची_आत्ती
8 ऑक्टोबर 2025

पाव्हणं, एवढं भ्यायला काय झालं? पोरगं पोरांत रमतंय. मोठी माणसं टक लावून बघत बसली की रमत न्हाई.

माझा अनुभव सांगते. माझ्या धाकट्या भावाची पोरगी मुंबईहून यायची, अशीच, आईला चिकटलेली. सगळ्यात मोठ्या पोराच्या हवाली करायची चूक करू नका. बारा वर्षांच्या पोराला स्वतःचे धंदे असतात, तो तासाभरात विसरतो. आठ-नऊ वर्षांची एखादी पोरगी बघा. त्या वयात धाकट्यावर सत्ता गाजवायची लई हौस असते. तिला बाजूला घेऊन सांगा, "ही तुझी जबाबदारी." बाकीच्यांच्या कानावर घालू नका, नाहीतर सगळेच मुकादम होतात.

दुसरं, येईल त्या दिवशी तिच्या हातात काम द्या. परड्यात किल्ला होणारच असेल. किल्ल्यावर हळीव नायतर मोहरी पेरायचं काम लहान पोरांचं. माती ओली करून वरनं दाणे भुरभुरायचे, पहिला दिवस ओलं गोणपाट झाकायचं. आणि पाणी हातानं शिंपडायचं, तांब्यानं ओतायचं न्हाई, दाणे वाहून पायथ्याला जातात. लक्ष्मीपूजनाला हिरवं दिसायला पाहिजे असेल तर वसुबारसेलाच पेरा. हळीव दोन-तीन दिवसांत तोंड काढतंय. पोरगं सकाळी उठून पहिलं तिकडं पळतंय की न्हाई बघा.

जेवणाचं सोपं आहे. भाऊबीजेला मटण असणारच, मसाला पडायच्या आधी अळणी बाजूला काढा, त्यात भात कुस्करा. कोल्हापुरातली सगळी बारकी पोरं अळणी भातावरच वाढल्यात. पांढऱ्या रश्श्याच्या रंगावर मात्र जाऊ नका. खोबऱ्याच्या दुधानं गोड वाटतो, पण हिरवी मिरची आणि मिरी असते त्यात.


गुरांचा_डॉक्टर
9 ऑक्टोबर 2025

फक्त दुधापुरतं बोलतो, माझा तो धंदा आहे.

कच्चं दूध चार वर्षांच्या मुलीला पाजू नका. म्हैस दिसायला धडधाकट असली तरी तिच्या दुधातून ब्रुसेला, क्षयाचे जंतू येऊ शकतात. शिवाय कास, हात, भांडं यांची घाण असते ती वेगळी. तुम्हाला काही झालं नाही हे खरं, पण ज्यांना झालं ते इथं येऊन लिहीत नाहीत.

आबांना नाही म्हणू नका. नातीला कट्ट्यावर जाऊ द्या. धार काढताना बघू दे, चरवीत फेस येतो तो बघू दे, पोराला त्यातच मजा असते. दूध किटलीत घेऊन घरी आणा, उकळी येऊ द्या आणि आबांच्याच हातानं पाजा. "सायीसकट पाहिजे म्हणते नात" असं सांगितलं तर आबा खूश.


सातारकरीण
9 ऑक्टोबर 2025

फटाक्यांचं मी सांगते, कारण आमच्याकडे झालंय. मुलगा पाच वर्षांचा होता. हातातल्या फुलबाजीनं काही झालं नाही. विझलेली फुलबाजी कुणीतरी अंगणात टाकली होती, तिच्यावर अनवाणी पाय पडला. विझली तरी तार चटका देण्याइतकी तापलेली असते. घरातल्या मोठ्यांनी आधी टूथपेस्ट लावली, मग हळद. डॉक्टरांनी ते सगळं खरवडून काढलं तेव्हा पोर ज्या आवाजात रडलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्रास त्या पेस्टनं वाढवला.

म्हणून मधोमध वाळूची बादली ठेवा आणि संपलेली प्रत्येक फुलबाजी तिच्यात खोचायचा नियम करा. पायात चप्पल पाहिजेच. नवीन रेशमी परकर-पोलकं पूजेपुरतं, फटाक्यांच्या वेळी सुती कपडा. आणि भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांत सगळ्यांना वाटतं झालं. बर्फ नाही, तूप नाही, पेस्ट नाही.


पायरीवरचा
9 ऑक्टोबर 2025

मी तुमच्या चिऊसारखा होतो, म्हणून तिच्या बाजूनं बोलतो. आजोळी बावीस जण असायचो. मला खेळायला आवडायचं, पण आधी बराच वेळ नुसतं बघायला लागायचं. पायरीवर बसून बघायचो. तेवढ्यात कुठला तरी मामा यायचा, बखोटीला धरून मधे नेऊन सोडायचा आणि म्हणायचा, "खेळ!" झालं, तो दिवस गेला.

तिला पायरीवर बसू द्या. आजीला आधीच सांगून ठेवा, की "लाजाळू" हा शब्द तिच्यासमोर नको. पोरं शब्द ऐकतात आणि तसंच वागतात.


शिवाजीपेठचा_पाव्हणा
10 ऑक्टोबर 2025

सगळ्यांना धन्यवाद. आत्ती, बहिणीची गौरी आठ वर्षांची आहे, तिला फोनवर मुकादम नेमलंय. डॉक्टरसाहेब, किटलीची आयडिया भारी. आईला "लाजाळू"चं सांगितलं तर ती म्हणाली, "मी कधी म्हटलं?" म्हणजे आता म्हणणार नाही. येऊन सांगतो.


शिवाजीपेठचा_पाव्हणा
28 ऑक्टोबर 2025

आलो परत. सांगतो म्हटलं होतं, म्हणून बसलोय लिहायला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चिऊ परड्याच्या पायरीवर. मी गप्प राहिलो. पोरं किल्ला करत होती. यंदा जुलैमध्ये पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या वारसा यादीत लागलं ना, मराठ्यांचे बारा किल्ले म्हणून, त्यामुळं आमच्या गल्लीत जो तो पन्हाळाच करत होता. दादूचं म्हणणं, नुसता पन्हाळा काय कुणीपण करंल, आपण पन्हाळा ते विशाळगड करायचं. दगडाजवळ पन्हाळा, कढीपत्त्याच्या बुंध्याला विशाळगड, मधे दोन विटांची पावनखिंड. विटा-दगड रचून वर चिखलात बुडवलेलं गोणपाट. तीन दरवाजा पुठ्ठ्याचा. अंधारबावीला चहाचा कप पुरला होता. वहिनीच्या नव्या सेटमधला, ते नंतर कळलं.

चार वाजता गौरीनं काही न बोलता एक वाटीभर हळीव चिऊच्या मांडीवर आणून ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं खातं." बास. पोरगी उठली. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं मी आणि बायको चकलीचं पीठ मळायचं निमित्त करून बघत होतो. तिनं वाटी घेतली, बुरुजांवरनं नजर फिरवली, एक बुरुज पसंत केला आणि सगळी वाटी त्याच्यावर उपडी केली. दादूनं कपाळावर हात मारला. कुणी ओरडलं नाही.

त्या रात्रीपासनं ती आमच्याकडं झोपलीच नाही. सोप्यात मोठा जाजम, त्यावर आईच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा आणि आठ पोरं ओळीनं. धाकटा तेवढा आईजवळ. मी दोनदा उठून बघायला गेलो, दुसऱ्यांदा आबा अंधारातनं म्हणाले, "तू झोप की."

पहिल्या आंघोळीला साडेचारला उठली. मागच्या वर्षी अंगाला तेल लावून घेताना किंचाळली होती. यंदा बंबाजवळ रांग होती, आणि रांगेत सगळेच कुडकुडत, सगळेच उटण्यानं पिवळे, म्हटल्यावर हिला तक्रार करायला जागाच राहिली नाही. दारात कारीट ठेवलं होतं. ते डाव्या अंगठ्यानं फोडायचं असतं, हिनं दोन्ही पायांनी उडी मारली, बिया आबांच्या धोतरावर.

आता मुख्य गोष्ट. लक्ष्मीपूजन झालं, रात्री गल्लीत बारापर्यंत फटाके. सकाळी दादूची बोंब, "महाराज न्हाईत!" सिंहासन रिकामं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं आणलेली मूर्ती, वीतभर, पोरांच्या वर्गणीतली. दादूला पक्की खात्री, की मागच्या गल्लीतल्या पोरांनी चोरली. मोहीम निघायची तयारी झाली. तेवढ्यात चिऊ हळूच म्हणाली, "महाराज झोपलेत."

विशाळगडाच्या पायथ्याला पावडरच्या डब्याची गुहा केली होती. त्यात महाराज, चिऊच्या पायमोज्यात गुंडाळून. "फटाके लई वाजायल्यात. ते भ्यायला लागले." दादूचं तोंड लाल झालं. हात उचलणार असं मला वाटलं आणि मी खिडकीतनं निघालोसुद्धा. पण तो मूर्तीकडं बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "आयला, हे तर बरोबर हाय!"

मग तो चिखलात मांडी घालून बसला आणि हिला सांगायला लागला. 1660 साल, सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने पन्हाळ्यावर अडकलेले महाराज, जुलैचा धो धो पाऊस, रात्री पालखीतनं निसटले. वेढ्यातल्या लोकांना चकवायला महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला आणि पकडला गेला. खिंडीत बाजीप्रभू. हे सगळं मी त्याला कधीतरी सांगितलं होतं, आणि मला आबांनी पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याखाली उभं करून. चिऊला त्यातलं एकच कळलं. महाराजांना तिकडं न्यायला पाहिजे होतं आणि ते तिनं केलं. "पण मग तिथं कोण बसलं?" असं तिनं विचारलं. शिवा काशीद पाहिजे की! मावळे सगळे खिंडीत गुंतलेले. शेवटी डोक्यावर हंडा घेतलेली गवळण उरली होती. काडेपेटीच्या पालखीत तिला बसवली. भाऊबीजेला येणाऱ्या प्रत्येकाला चिऊ हात धरून परड्यात न्यायची आणि गवळणीकडं बोट दाखवून सांगायची, "हे महाराज नाहीत. कुणाला सांगू नका."

भांडणं झाली, व्हायचीच. पाडव्याला तांब्यावरनं तिनं बहिणीच्या पिंट्याला दंडाला चावा घेतला, चांगला दात उमटेपर्यंत. बायको धावली, तोवर वहिनीनं दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि हातात एकेक बेसनाचा लाडू दिला. खाऊन होईस्तोवर उठायचं नाही. अर्धा लाडू संपायच्या आत दोघंही मान वळवून एकमेकांचा किती उरलाय ते बघत होती.

त्याच संध्याकाळी म्हशी बघायला नेलं. बाहेरगावच्या मंडळींना सांगतो, पाडव्याला आमच्याकडं गवळी म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, आणि मालक मोटरसायकल पळवतो तसं त्याची म्हैस गर्दीतनं मागोमाग पळते. चिऊ माझ्या खांद्यावर. एवढी मोठी म्हैस धडधडत गेली तशी माझे केस दोन्ही मुठीत धरून ओरडली, "परत!"

आबांचं दूध झालं. कट्ट्यावर दोघं गेले, किटली घेऊन आले, उकळलं. आबा बायकोला म्हणाले, "कच्चं पाजू नये म्हणतात आता." जणू त्यांनीच शोध लावला. वाळूची बादली सातारकरीण ताईंच्या सांगण्यावरनं ठेवली होती. फुलबाज्या खोचायची पोरांनी शर्यतच लावली, कुणाला चटका नाही. मिरची एकदा लागली, मिसळीच्या कटात शेव बुडवलेली पिंट्यानं दिली होती, बहुधा चाव्याचा बदला. बाकी अळणी भात.

एक परिणाम मात्र अपेक्षित नव्हता. आमच्याकडं बायकापण "मी आलो, मी गेलो" म्हणतात. माझी आई, बहिणी, सगळ्या. चिऊ नऊ दिवसांत "मी जेवलो" म्हणायला लागलीय. बायको दुरुस्त करते, "जेवले म्हणावं." ती म्हणते, "व्हय, जेवलो."

परवा रात्रीच्या बसनं निघालो, काल सकाळी पोचलो. लिफ्टमध्ये उभी होती, डोळे अर्धे मिटलेले, हातात करंज्यांचा डबा. सातचं बटण तीच दाबते, नेहमीसारखं दाबलं. मग बाकीच्या बटणांकडं बघत मला विचारलं, "बाकीची पोरं कुठल्या मजल्यावर हाईत?"

मला उत्तर सुचलं नाही. बायकोनं तिला उचलून घेतलं.


कागलची_आत्ती
28 ऑक्टोबर 2025

नाताळच्या सुट्टीचं तिकीट आत्ताच काढा, मग मिळत न्हाई. आणि हळीव उगवलं का ते सांगितलं न्हाईसा.


शिवाजीपेठचा_पाव्हणा
28 ऑक्टोबर 2025

उगवलं की. एकाच बुरुजावर, जंगल झालंय. बाकी अख्खा पन्हाळा बोडका. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला मोडायचा नाही असं ठरलंय, आणि रोज सात वाजता व्हिडिओ कॉलवर गौरी आधी तो बुरुज दाखवते, मग डबा. महाराज अजून पायमोज्यातच आहेत. दुसरा पायमोजा घेऊन इकडं आम्ही बसलोय.